घरच्या राऊटरवर पोर्ट फॉरवर्डिंग: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

कोणाला दुकानाचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) घरून पहायचा असतो, कोणाच्या पोट्ट्याला गेमचा सर्व्हर टाकायचा असतो, पण प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून सगळे एका जागी टाकून ठेवले. घाईत असाल तर बाकी सोडा आणि प्रश्न २ आधी वाचा, बरेच लोक तिथेच अडकलेले असतात आणि उगाच राऊटरला शिव्या देत बसतात. इथे आकडे मराठीत आहेत, राऊटरमध्ये टाकताना अर्थातच इंग्रजी आकडे टाका.

१. हे पोर्ट फॉरवर्डिंग असते तरी काय? मला लागते का?

घरात दहा मोबाईल-लॅपटॉप असले तरी बाहेरच्या इंटरनेटला तुमच्या घराचा एकच पत्ता दिसतो, तो राऊटरचा. आतले १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते फक्त घरापुरते. आतून कोणी काही मागितलं तर राऊटर लक्षात ठेवतो कोणी मागितलं ते, आणि उत्तर त्यालाच आणून देतो, म्हणून यूट्यूब काही न करता चालते. पण बाहेरून कोणी आपणहून आलं तर कोणाकडे पाठवायचं हे राऊटरला माहीत नसते, तो सरळ टाकून देतो. फ्लॅट स्कीमच्या गेटवरचा चौकीदार समजा, पार्सलवर फ्लॅट नंबर नसला तर वापस. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याला आधीच सांगून ठेवणं की अमुक नंबरवर (या नंबरालाच पोर्ट म्हणतात) जे येईल ते अमुक घरी सोड.

डीव्हीआर थेट पहायचा असेल, गेम सर्व्हर चालवायचा असेल, घरच्या पीसीवर बाहेरून यायचं असेल किंवा स्वतःचं व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा खाजगी, कुलूपबंद रस्ता) टाकायचं असेल तर लागते. मिहानमधल्या आयटीवाल्यांचा नेहमीचा प्रश्न, ऑफिसच्या लॅपटॉपचं व्हीपीएन चालत नाही तर पोर्ट उघडू का? नाही. ते कनेक्शन आतून बाहेर जाते, त्याचा याच्याशी संबंध नाही.

२. भाऊ, सगळ्यात आधी काय चेक करायचं?

राऊटरला खरा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोहोचता येईल असा पत्ता, मिळालाय का, हेच. राऊटरच्या पानावर स्टेटस, इंटरनेट किंवा वॅन (राऊटरची बाहेरची बाजू) असा भाग असतो, तिथला आयपी लिहून घ्या. मग त्याच वायफायवरून, मोबाईलमधलं व्हीपीएन वगैरे बंद करून, गूगलवर ‘व्हॉट इज माय आयपी’ शोधा. दोन्ही पत्ते सारखे निघाले तर काम सोपं आहे. वेगळे निघाले तर तुमच्या राऊटरच्या वर आणखी कोणीतरी नॅट (आतल्या अनेक पत्त्यांसाठी बाहेर एकच पत्ता दाखवणं) करून राहिलं, आणि तुम्ही आपल्या राऊटरवर शंभर नियम टाकले तरी बाहेरचं पॅकेट तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

वॅनचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा असेल तर ते सीजीनॅट, म्हणजे कंपनीने आपल्या बाजूला केलेलं नॅट, हे पत्ते २०१२ मध्ये खास याच कामासाठी वेगळे काढले गेलेत. १० ने सुरू होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला असेल, तरी तोही पब्लिक नाही. १९२.१६८ दिसला तर कंपनीचं सोडा, आधी घरातच दोन राऊटर आहेत का ते पहा, प्रश्न १०.

दोन ठिकाणी गोंधळ होतो. गूगलने कोलन असलेला लांबलचक पत्ता दाखवला तर तो आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) आहे, त्याची तुलना करू नका, आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा) वेगळा दाखवणारी एखादी साइट पहा. आणि ज्यांनी टेलस्केल (प्रश्न १६ मधलं ॲप) टाकलंय त्यांच्या पीसीलाही १०० ने सुरू होणारा पत्ता मिळतो, तो टेलस्केलचा, त्यावरून सीजीनॅट ठरवू नका, राऊटरचा वॅनच पहा.

कंपन्या असं काहून करतात? आयपीव्ही४ चे पत्ते जगात मिळूनच सुमारे ४२९ कोटी, आणि वाटायचा मुख्य साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. मग एका पत्त्यामागे पुष्कळ गिऱ्हाईकं बसवतात. नुसतं नेट पाहणाऱ्याला फरक पडत नाही, आपल्याला पडतो.

३. सीजीनॅट निघालं. कंपनीला नेमकं काय म्हणायचं?

‘पोर्ट उघडून द्या’ म्हणू नका, समोरचा तुम्हाला राऊटर रिस्टार्ट करायला लावेल. म्हणा, मला पब्लिक आयपी पाहिजे, स्टॅटिक (कायमचा एकच) नसला तरी चालेल, डायनॅमिक (बदलता) द्या पण सीजीनॅटमधून काढा. काही जण फुकटात करून देतात, काही स्टॅटिक आयपीचेच पैसे सांगतात, महिन्याचे किंवा वर्षाचे आणि वर जीएसटी, आणि काही म्हणतात बिझनेस प्लॅन घ्या. एरियातल्या छोट्या केबलवाल्याकडे कनेक्शन असेल तर माझ्या मते काम लवकर होते, कारण तिथे तुम्ही सेटिंग करणाऱ्या माणसाशीच बोलता. ‘झालं साहेब’ असा फोन आला की राऊटर बंद-चालू करून प्रश्न २ पुन्हा करून पहा. नुसत्या फोनवर विश्वास ठेवू नका.

पैसे द्यायचे नसतील तर प्रश्न १६.

४. राऊटरचं पान उघडत नाही, पासवर्डही माहीत नाही.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग चालवा, डीफॉल्ट गेटवेसमोर जो पत्ता येतो तोच राऊटरचा. बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरवाल्यांना १९२.१६८.२९.१ दिसेल. युजरनेम-पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतात. तिथे नसेल तर इन्स्टॉल करणाऱ्याला विचारा, कधी तो ॲडमिनचा पासवर्ड स्वतःकडे ठेवून तुम्हाला साधा युजर देऊन जातो आणि त्यात फॉरवर्डिंगचा मेनूच दिसत नाही.

एक करू नका, वैतागून रिसेटच्या भोकात पिन घालू नका. फायबरच्या डब्यात पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर लॉगिन करायचं) युजरनेम आणि कंपनीची बाकी सेटिंग भरलेली असते, ती उडाली की नेटच बंद आणि मग माणूस येईपर्यंत वाट पहा, त्यात शनिवार-रविवार आला तर बसा.

५. स्टेप बाय स्टेप सांगा ना, कसं करायचं?

आधी आतल्या मशीनचा पत्ता पक्का करा. डीव्हीआरला आज १९२.१६८.१.२० मिळाला आणि उद्या १९२.१६८.१.२३ तर तुमचा नियम भलतीकडे जाईल. राऊटरमध्ये डीएचसीपीखाली (घरातल्या मशीनना पत्ते वाटणारा भाग) ॲड्रेस रिझर्व्हेशन असते, तिथे मशीनचा मॅक ॲड्रेस (त्याच्या नेटवर्क कार्डाचा नंबर) आणि हवा तो आयपी टाकून सेव्ह करा. वायफायवरचा मोबाईल किंवा लॅपटॉप असेल तर त्याच्यातलं रँडम मॅक बंद करा, नाहीतर मॅक बदलला की रिझर्व्हेशन गेलं.

मग फॉरवर्डिंगचं पान शोधा. नाव प्रत्येकाचं वेगळं, टीपी-लिंकमध्ये नॅट फॉरवर्डिंगखाली व्हर्च्युअल सर्व्हर किंवा पोर्ट फॉरवर्डिंग, हुवावेच्या फायबर डब्यात फॉरवर्ड रूल्सखाली पोर्ट मॅपिंग. पोर्ट ट्रिगरिंग दिसेल, ते वेगळं, त्यात जाऊ नका. नवीन नियमात बाहेरचा पोर्ट, आतला पोर्ट, आतल्या मशीनचा आयपी आणि प्रोटोकॉल (टीसीपी की यूडीपी, प्रश्न ६) एवढंच भरायचं असते. वॅन इंटरफेस निवडायला सांगितलं तर ज्याच्या नावात इंटरनेट लिहिलंय तो घ्या, फायबरच्या डब्यात फोनसाठीचा आणि कंपनीच्या मेन्टेनन्सचा इंटरफेसही यादीत असतो आणि लोक पहिला दिसला तोच ठेवून देतात. सोर्स आयपी मोकळा सोडा, बाहेरून एकाच ठरलेल्या स्टॅटिक पत्त्यावरून येणार असाल, समजा दुकानातून, तर मात्र तोच टाका, ते जास्त चांगलं.

सेव्ह करा आणि मोबाईल डेटावरून तपासा. घरच्या वायफायवरून का नाही ते प्रश्न ८ मध्ये.

६. टीसीपी टाकू की यूडीपी? पोर्ट नंबर कोणता?

टीसीपी आणि यूडीपी म्हणजे डेटा पाठवायच्या दोन पद्धती. कोणती लागेल हे राऊटर नाही, तुमचं सॉफ्टवेअर ठरवते. माइनक्राफ्ट जावा २५५६५ टीसीपी, बेडरॉक १९१३२ यूडीपी. व्हीपीएनमध्ये वायरगार्ड ५१८२० यूडीपी, ओपनव्हीपीएन ११९४. हिकव्हिजनचा डीव्हीआर ८०००, दाहुआचा ३७७७७, दोघांचा व्हिडिओ स्ट्रीम ५५४. घरचे सिनेमे पहायचा प्लेक्स ३२४००. काहीच कळत नसेल तर दोन्ही निवडा, चालेल, पण सगळ्या ठिकाणी हीच सवय लावू नका. पोर्टचे नंबर ६५५३५ पर्यंतच जातात, त्याच्यावरचा टाकला तर राऊटर घेणार नाही.

७. सगळं बरोबर टाकलं तरी पोर्ट क्लोज्डच दाखवून राहिलं. काहून?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. प्रश्न २ केला असेल असं धरून पुढचं सांगतो, आणि आतून बाहेर अशा क्रमानेच तपासा.

पहिले म्हणजे त्या पोर्टवर ऐकणारं काही चालू आहे का? पोर्ट तपासणारी साइट तेव्हाच ओपन दाखवते जेव्हा आतून कोणी उत्तर देते. गेम सर्व्हर बंद ठेवून तपासाल तर क्लोज्डच येणार, राऊटरचा काय दोष. आणि अशा साइट बहुतेक फक्त टीसीपी तपासतात, वायरगार्डसारखं यूडीपी त्यावर कधीच ओपन दिसणार नाही, ते क्लायंट लावूनच पहावं लागते.

घरातल्याच दुसऱ्या मशीनवरून आतल्या आयपीने उघडते का? नसेल तर विंडोज फायरवॉल. नेटवर्क पब्लिक म्हणून सेट असेल तर प्रायव्हेट करा आणि त्या पोर्टसाठी इनबाउंड रूल टाका. पूर्ण फायरवॉल बंद करून टेस्ट केली तर टेस्ट झाल्याबरोबर चालू करा, अँटीव्हायरसची स्वतःची फायरवॉल असते तीही पहा.

आतून उघडते पण बाहेरून नाही आणि मशीन डीव्हीआर असेल तर त्याच्या नेटवर्क सेटिंगमधला गेटवे पहा. हे कोणी पहातच नाही. कॅमेरेवाला आयपी हाताने भरतो आणि गेटवे तसाच सोडून देतो किंवा जुन्या राऊटरचा ठेवतो, मग घरातल्या घरात मस्त चालते पण बाहेरच्याला उत्तर कुठून पाठवायचं हे डीव्हीआरला कळत नाही. गेटवे म्हणजे तुमच्या आताच्या राऊटरचा पत्ता.

तरीही नाही? मग पोर्ट बदलून पहा. २५, ८०, ४४५ असे काही पोर्ट नेट कंपन्या आपल्याच बाजूला बंद ठेवतात. बाहेरचा पोर्ट ५००८० वगैरे आणि आतला ८० ठेवा. ८० किंवा ४४३ वर राऊटरचं स्वतःचं रिमोट मॅनेजमेंट चालू असले तरी भांडण होते, आणि ते तसंही बंदच पाहिजे.

८. मोबाईल डेटावर उघडते, पण घरच्या वायफायवर तोच पत्ता टाकला तर उघडत नाही!

म्हणजे तुमचं काम झालेलं आहे. घरात बसून स्वतःचाच बाहेरचा पत्ता मागितला तर पॅकेट राऊटरला आतूनच वळवून आणावं लागते, त्याला नॅट लूपबॅक म्हणतात, आणि स्वस्तातल्या बऱ्याच राऊटरना ते जमत नाही. घरात आतला आयपी वापरा. ॲपमध्ये घर आणि बाहेर अशा दोन एंट्र्या करून ठेवल्या की कटकट संपली.

९. लाईट गेली की दुसऱ्या दिवशी बाहेरून बंद. पुन्हा सगळं करावं लागते का?

नियम तसाच असतो, तुमचा पब्लिक आयपी बदललेला असतो. डायनॅमिक आयपी राऊटर रिस्टार्ट झाला की बदलू शकतो, आणि पहिल्या वादळी पावसात आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. उपाय डीडीएनएस, म्हणजे एक नाव घ्यायचं आणि आयपी बदलला की राऊटर ते नाव नवीन पत्त्याला जोडून देतो. डकडीएनएस फुकट आहे, नो-आयपीही फुकट आहे पण दर ३० दिवसांनी त्यांच्या मेलवर कन्फर्म करावं लागते, विसरलात की नाव गेलं. राऊटरमध्ये डीडीएनएसचा मेनू नसेल तर कायम चालू असणाऱ्या पीसीवर त्यांचा छोटा प्रोग्राम टाका. राऊटरला छोटा यूपीएस लावला तर अर्धी भानगड आधीच मिटते.

आणि मे महिन्यात टिनाच्या शेडखाली भिंतीवर टांगलेला राऊटर दुपारी आपोआप बंद पडून राहिला तर ती सेटिंगची चूक नाही, त्याला सावलीत हलवा.

१०. फायबरचा डबा वेगळा आणि बर्डीतून आणलेला राऊटर वेगळा. नियम कशात टाकू?

दोघंही नॅट करत असतील तर दोन्हीकडे टाकावा लागते: डब्यात बाहेरून दुसऱ्या राऊटरकडे, आणि राऊटरमध्ये तिथून मशीनकडे. चालते, पण पुढे काही बिघडलं की शोधताना डोकं फिरते. दोन बरे रस्ते आहेत. एक, कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडमध्ये (म्हणजे तो स्वतः नॅट करणार नाही) करून घ्या, पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड मागून आपल्या राऊटरमध्ये भरा, मग नियम फक्त तिथे. मात्र डब्यावर लँडलाईन फोन लावलेला असेल तर आधी विचारा, ब्रिजनंतर तो चालेल का. दुसरा, आपला राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, तो नुसतं वायफाय देईल आणि सगळे नियम डब्यात. मला वायफाय वाढवण्यापुरताच दुसरा राऊटर असेल तर दुसरा रस्ता आवडतो, कोणाला फोन करावा लागत नाही.

११. कॅमेरेवाल्याने आमच्या डीव्हीआरचे पोर्ट उघडून दिले आणि पासवर्ड तोच ठेवला, काही धोका आहे का?

आहे. आणि इथे मी थोडा कडक बोलणार.

उघडा पोर्ट फक्त तुम्हाला दिसत नाही, सगळ्या जगाला दिसतो. दिवसरात्र सगळे पत्ते चाळत बसणारे प्रोग्राम असतात, शोडान नावाचं तर सर्च इंजिनच आहे उघड्या मशीनचं. तुमचा नंदनवनमधला डीव्हीआर कोणाला कशाला पाहिजे असं म्हणू नका, त्यांना तुमचा व्हिडिओ नको असतो, तुमचं मशीन पाहिजे असते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने हेच केलं, कंपनीचे मूळ पासवर्ड असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर साठएक ठरलेल्या पासवर्डांच्या यादीने पकडले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच मशीनच्या फौजेने डाइन या कंपनीवर हल्ला करून अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अडकवल्या. हिकव्हिजनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये २०२१ मध्ये तर असं भोक सापडलं की पासवर्डही लागत नव्हता, फर्मवेअर (मशीनमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करणं हाच उपाय.

तर करायचं काय? पासवर्ड बदला, फर्मवेअर अपडेट करा, आणि खरं विचाराल तर ते पोर्ट बंदच करा. आजकालच्या डीव्हीआरमध्ये कंपनीचं क्लाउड ॲप असते, क्यूआर कोड स्कॅन केला की पोर्ट न उघडता मोबाईलवर दिसते. क्लाउडवर भरवसा नसेल तर वायरगार्डचा एकच पोर्ट उघडा आणि व्हीपीएनमधून डीव्हीआर पहा. नुसता बाहेरचा पोर्ट बदलून सुरक्षित झालो असं समजू नका, त्याने फक्त गर्दी कमी होते.

पीसीच्या रिमोट डेस्कटॉपचंही तेच, ३३८९ थेट उघडू नका. आणि ४४५ तर कधीच नाही, मे २०१७ मधलं वॉनाक्राय त्याच दारातून पसरलं होतं.

१२. डीएमझेड चालू केलं तर एका झटक्यात काम होते म्हणे?

होते, कारण ते एका मशीनचे सगळेच पोर्ट उघडे टाकते. पाच मिनिटं टेस्टसाठी ठीक, कायमचं नको. डीव्हीआरला तर मुळीच नाही, कारण प्रश्न ११. असाच दुसरा शॉर्टकट म्हणजे यूपीएनपी, त्यात आतलं कोणतंही ॲप तुम्हाला न विचारता पोर्ट उघडून घेते, घरात गेम कन्सोल असेल तर ठेवा, नसेल तर बंद करा. त्याची यादी राऊटरमध्ये दिसते, एकदा पहा, कधी कधी भलतंच काही उघडलेलं सापडते.

१३. पीएस५ वर नॅट टाइप ३ येऊन राहिलं, पोट्टं डोकं खाऊन राहिलं.

टाइप ३ म्हणजे कन्सोलला बाहेरच्या खेळाडूंशी नीट जोडता येत नाही. आधी यूपीएनपी चालू करून कन्सोल पूर्ण बंद-चालू करा, बहुतेक वेळा टाइप २ येते आणि तेवढं पुरते, टाइप १ च्या मागे लागू नका. नाही झालं तर हाताने टीसीपी ३४७८ ते ३४८० आणि यूडीपी ३४७८, ३४७९. एक्सबॉक्सला ३०७४, दोन्ही प्रोटोकॉल. सीजीनॅट असेल तर यातलं काही लागू पडेलच असं नाही.

१४. आयपीव्ही६ आहे म्हणे आमच्याकडे, मग फॉरवर्डिंगची गरजच नाही ना?

फॉरवर्डिंगची नाही, परवानगीची आहे. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक मशीनला स्वतःचा जगभर चालणारा पत्ता मिळतो, २ ने सुरू होणारा, एफई८० ने सुरू होतो तो घरातलाच. पण राऊटरची फायरवॉल बाहेरून येणारं अडवते, तिथे त्या मशीनच्या त्या पोर्टला अलाउ करावं लागते, आणि काही कंपनीच्या डब्यात ती सोयच दिलेली नसते. शिवाय पाहणाऱ्याकडेही आयपीव्ही६ पाहिजे. मोबाईल डेटावर ते आता सहसा असते, ऑफिसच्या वायफायवर बरेचदा नाही. सीजीनॅटवाल्यांनी पैसे भरण्याआधी हे एकदा करून पहावं. पत्त्याचा सुरुवातीचा भाग कंपनी बदलू शकते, म्हणून इथेही डीडीएनएस लागते.

१५. घरी एक आणि खालच्या दुकानात एक असे दोन डीव्हीआर, एकाच नेटवर. दोघांचा पोर्ट ८०००. दुसरा नियम राऊटर घेत नाही.

बाहेरचा एक पोर्ट एकाच मशीनला जाऊ शकतो. बाहेर ८००१ आत पहिल्याचा ८०००, बाहेर ८००२ आत दुसऱ्याचा ८०००, असं करा. काही डब्यांमध्ये आतला-बाहेरचा वेगळा टाकायची सोयच नसते, किंवा ॲप स्ट्रीमसाठी मूळचाच पोर्ट मागते, तेव्हा दुसऱ्या डीव्हीआरच्याच सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पोर्ट बदला आणि दोन्हीकडे तोच टाका. मात्र प्रश्न ११ वाचूनच हे करा.

१६. पब्लिक आयपी मिळत नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत. काही जुगाड?

आहे, आणि पब्लिक आयपी असला तरी मी बऱ्याच जणांना हाच सांगतो. बाहेरून आत येण्याऐवजी आतल्या मशीननेच बाहेर कनेक्शन धरून ठेवायचं. टेलस्केल किंवा झिरोटियर घरच्या पीसीवर आणि मोबाईलवर टाका, दोघं एकमेकांना सापडतात, घरगुती वापराला फुकट चालते. डीव्हीआरवर टाकता येत नाही, पण घरात कायम चालू असलेला एखादा जुना पीसी किंवा रास्पबेरी पाय असेल तर त्याच्यामार्फत सगळं घरचं नेटवर्क दिसू शकते. वेबसाइट जगाला दाखवायची असेल तर क्लाउडफ्लेअर टनेल, त्याला स्वतःचं डोमेन लागते. मित्रांसाठीच्या माइनक्राफ्टला तर सगळ्यांनी टेलस्केल टाकलं की झालं, अनोळखी कोणी येऊच शकत नाही.

१७. काटोलकडे संत्र्याच्या बागेत सिमवाला राऊटर लावून कॅमेरे बसवलेत. त्याच्यात पोर्ट उघडून नागपुरातून पाहता येईल का?

मेनू दिसेल, नियमही सेव्ह होईल, पण चालणार नाही. मोबाईलच्या सिमवर आयपीव्ही४ जवळपास नेहमी सीजीनॅटमागेच असतो आणि साध्या सिमवर पब्लिक आयपी मागून मिळत नाही. कॅमेऱ्याचं क्लाउड ॲप वापरा किंवा प्रश्न १६ मधला उपाय. डेटाकडे लक्ष ठेवा, चार कॅमेरे फुल एचडीमध्ये सतत पहात बसलात तर रोजचा डेटा दुपारपर्यंत संपेल, ॲपमध्ये सबस्ट्रीम (कमी दर्जाचा हलका व्हिडिओ) निवडा आणि रेकॉर्डिंग तिथल्या तिथे कार्डवर होऊ द्या.

१८. दोन महिने छान चाललं आणि एक दिवस नियमच गायब. कोणी काढला?

कंपनीचा डबा असेल तर बहुतेक त्यांनीच, नकळत. ते लांबून फर्मवेअर आणि सेटिंग पाठवत असतात, त्यासाठी ७५४७ हा पोर्ट वापरात असतो, त्याला हात लावू नका. असं अपडेट आलं की तुमचे नियम उडू शकतात. राऊटरमध्ये बॅकअपचं बटन असेल तर फाइल काढून ठेवा, नसेल तर नियमांच्या पानाचा मोबाईलने फोटो. पण नियम जागेवर असून बंद झालं असेल तर आधी वॅनचा आयपी पहा, कंपन्या न सांगता गिऱ्हाईकाला सीजीनॅटमध्ये टाकतात, आणि मग पुन्हा प्रश्न ३.